नियोजन विमानांचे, हाल माणसांचे

शेंगेन क्षेत्रातील युरोपीय राष्ट्रांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या सरहद्दींवर प्रवाशांच्या नोंदणीची नवी पद्धत लागू करण्यास प्रारंभ केला. बाहेरून अल्प मुदतीसाठी येणाऱ्या प्रवाशाला आता नुसते पारपत्र दाखवून भागत नाही. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्रही द्यावे लागते. ज्या ब्रिटनचे नागरिक १९७३ पासून जवळजवळ अर्धे शतक युरोपात सदस्य राष्ट्राच्या हक्काने वावरले, ते आता 'इतर देश' अशी पाटी असलेल्या रांगेत उभे आहेत. लंडनच्या वृत्तपत्रांनी या रांगांची लांबी मोजण्यात पुष्कळ शाई खर्च केली. सुटीसाठी निघालेल्या कुटुंबाला विमानतळावर तिष्ठत राहावे लागणे ही गैरसोय आहेच. परंतु सबंध प्रकरणाचा हा सर्वांत गौण भाग होय.

खरा प्रश्न निराळा आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला, त्या दिवसापासूनच ब्रिटनची हवाई वाहतूक विस्कळीत होऊ शकते हे सरकारला, कंपन्यांना आणि कायदेपंडितांना ठाऊक होते. संकट अचानक कोसळले नाही. त्याची तारीख आधी ठरलेली होती. सरकारने योजना आखल्या, त्यांवर पैसा खर्च केला, अनेक गुप्त टिपणे तयार केली. या योजनांत कोणाला जागा मिळाली आणि कोणाला वगळण्यात आले, हे तपासणे समाजवादी चळवळीचे काम आहे. कारण संकटकाळी राज्यसंस्था आपल्या यादीत पहिले नाव कोणाचे लिहिते, यावरून ती कोणाची आहे हे ओळखता येते.

आकाशाला बाजार नसतो

जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या व्यापाराला मागे हटण्यासाठी एक तरी पायरी असते. दोन देशांतील करार मोडला, तर जागतिक व्यापार संघटनेच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे, जास्त जकात भरून का होईना, माल जातो. विमानाला तीही पायरी नाही. सेवांच्या व्यापाराविषयीच्या जागतिक करारातून हवाई वाहतुकीचे हक्क हेतुपुरस्सर वगळलेले आहेत. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौम सत्ता मान्य केली. नियमित प्रवासी विमान दुसऱ्या देशात उतरवायचे, तर त्या देशाची अनुमती हवी, आणि ती सामान्यतः दोन सरकारांनी परस्परांशी केलेल्या करारातूनच मिळते. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील १९४६ चा बर्म्युडा करार पुढे अशा शेकडो करारांचा नमुना ठरला.

युरोपीय समुदायाने १९९२ साली मंजूर केलेल्या नियमांनी सदस्य राष्ट्रांपुरती ही सर्व बंधने सैल केली. १९९३ पासून सदस्य देशाची विमानकंपनी संघातील कोणत्याही दोन देशांमध्ये उड्डाण करू लागली. १९९७ पासून तर ब्रिटिश कंपनीला इटलीतल्या दोन शहरांमध्ये आणि आयरिश कंपनीला जर्मनीतल्या दोन शहरांमध्ये प्रवासी नेण्याची मोकळीक मिळाली. अट एकच होती: कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण संघातील राष्ट्रांकडे किंवा त्यांच्या नागरिकांकडे असले पाहिजे. अमेरिकेकडे जाणारी ब्रिटिश विमानेही युरोपीय संघाने अमेरिकेशी २००७ साली केलेल्या कराराच्या आधारावर उडत होती.

'मुक्त आकाश' या गोंडस नावाने ज्याचा डांगोरा पिटला जातो, ते बाजाराने निर्माण केलेले नव्हते. सरकारांनी एकत्र बसून, कलमे आणि पोटकलमे लिहून ते घडविले होते. सार्वजनिक सत्तेच्या सहीवाचून जगातील सर्वांत बलाढ्य विमानकंपनीलाही आपले विमान परक्या धावपट्टीवर उतरविता येत नाही. बाजाराला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे, असा उपदेश चार दशके करीत आलेल्या हुजूर पक्षाच्या वाट्याला नेमका असा व्यवसाय आला, की जेथे बाजाराच्या भरवशावर एक विमानही उडू शकत नव्हते. नियोजन या शब्दाची ज्यांनी आयुष्यभर टवाळी केली, त्यांनाच नियोजन करावे लागले. आणि सवय नसलेल्या हातांनी ते कसे केले, हे पुढे दिसलेच.

जहाज नसलेली जहाजकंपनी

अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये संसदीय समितीपुढे एक गोष्ट मान्य केली होती. समझोता न झाल्यास २९ मार्च २०१९ रोजी ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात एकही विमान उडणार नाही, अशी स्थिती तात्त्विकदृष्ट्या संभवते, असे त्यांनी सांगितले. मात्र प्रत्यक्षात तसे घडेल असे कोणाला वाटत नसल्याचेही त्यांनी लगोलग जोडले. ज्या देशातून होणाऱ्या हवाई प्रवासापैकी सुमारे निम्मा प्रवास युरोपीय संघाकडे होता, त्या देशाच्या अर्थमंत्र्याचे हे विधान होते.

त्यानंतर जवळजवळ वर्षभराने, २४ सप्टेंबर २०१८ रोजी, सरकारने विमानवाहतुकीविषयीची मार्गदर्शक टिपणे प्रसिद्ध केली. समझोता न झाल्यास दोन्ही बाजूंच्या कंपन्यांचे उड्डाणाचे आपोआप चालत आलेले हक्क संपुष्टात येतील आणि प्रत्येकीला स्वतंत्र परवानगी घ्यावी लागेल, असे त्यांत म्हटले होते. ब्रिटन युरोपीय कंपन्यांना परवानगी देईल, आणि त्या बदल्यात युरोपीय राष्ट्रे ब्रिटिश कंपन्यांना परवानगी देतील, अशी अपेक्षाही व्यक्त करण्यात आली होती. अपेक्षा म्हणजे योजना नव्हे. समोरच्याने सौजन्य दाखवावे, याला राज्यकारभाराच्या भाषेत तयारी म्हणत नाहीत.

अमेरिकेशी आणि कॅनडाशी नवे हवाई करार ठरविण्याचे काम मात्र २०१८ च्या अखेरीपर्यंत उरकण्यात आले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. सरकारी खात्यांतील अनुभवी नोकरवर्गाने ते पार पाडले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा जो प्रकार झाला, तो त्याच वाहतूक खात्याच्या दुसऱ्या दालनात. वाहतूकमंत्री ख्रिस ग्रेलिंग यांच्या खात्याने बंदरांवरील कोंडी टाळण्यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये १ कोटी ३८ लाख पौंडांचे कंत्राट अशा एका कंपनीला दिले, की जिच्याजवळ एकही जहाज नव्हते आणि जिने तोवर प्रवासी वा मालवाहू फेरी कधी चालविली नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते रद्द करावे लागले. कंत्राटे खुल्या स्पर्धेवाचून दिली गेल्याबद्दल चॅनल बोगद्याच्या कंपनीने न्यायालयात धाव घेतली, आणि तिच्याशी तडजोड करताना सरकारी तिजोरीतून ३ कोटी ३० लाख पौंड द्यावे लागले. खाजगी क्षेत्राची कार्यक्षमता म्हणून जी वस्तू मिरविली जाते, तिचे हे सरकारी पैशाने काढलेले छायाचित्र होय.

यंत्राला मुदत, कामगाराला नाही

युरोपीय आयोगानेही आपल्या बाजूने आपत्कालीन नियम तयार केले. १९ डिसेंबर २०१८ रोजी त्यांचा मसुदा मांडण्यात आला आणि मार्च २०१९ मध्ये ते मंजूर झाले. त्यांचा आशय बारकाईने पाहण्यासारखा आहे. समझोत्यावाचून फारकत झालीच, तर ब्रिटिश विमानांना दोन्ही भूमींदरम्यान तात्पुरती उड्डाणे करण्याची मुभा होती. विमानांच्या आणि सुट्या भागांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना नऊ महिन्यांची वाढीव मुदत होती. मालकीची अट पुरी न करणाऱ्या कंपन्यांना भागभांडवलाची फेरमांडणी करण्यासाठी अवधी होता. मात्र ब्रिटनने दिलेल्या वैमानिकाच्या परवान्याला आणि विमानाची दुरुस्ती करून ते उड्डाणास योग्य ठरविणाऱ्या तंत्रज्ञाच्या परवान्याला अशी मुदत नव्हती. त्यांनी वेळेआधीच आपला परवाना युरोपीय संघातील एखाद्या देशाकडे वर्ग करून घ्यावा, असे त्यांना सांगण्यात आले.

पुढे १ जानेवारी २०२१ रोजी प्रत्यक्षात हेच घडले. ब्रिटिश परवाना युरोपीय संघात नोंदलेल्या विमानावर चालेनासा झाला. ब्रिटनने युरोपीय परवान्यांना दोन वर्षांपर्यंत मान्यता दिली. उलट दिशेने तशी मान्यता मिळाली नाही. वीस वर्षे इंजिने उघडून तपासणाऱ्या तंत्रज्ञाचे कौशल्य ३१ डिसेंबरच्या रात्री बदलले नव्हते. बदलला होता तो केवळ त्याच्या कागदावरचा शिक्का. इंजिनाच्या पात्याला आपत्कालीन नियमांत जे संरक्षण देऊ केले गेले, ते ते पाते बसविणाऱ्या हाताला देऊ केले गेले नाही.

भांडवलाचा मार्ग मात्र सुकर होता. इझीजेट कंपनीने २०१७ सालीच व्हिएन्ना येथे नवी कंपनी स्थापून ऑस्ट्रियाचा परवाना मिळविला आणि शंभराहून अधिक विमाने त्या देशाच्या नोंदवहीत चढविली. मालकीची अट पाळण्यासाठी रायनएअर आणि इझीजेट यांनी जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटिश भागधारकांचे मताधिकार, एकीने सरसकट आणि दुसरीने काही प्रमाणात, स्थगित केले. ज्या सार्वमताचा प्रचार 'सत्ता परत आपल्या हाती' या घोषणेवर झाला, त्याचा परिणाम म्हणून ब्रिटिश माणसाचा स्वतःच्याच देशात जन्मलेल्या कंपनीतील मताचा अधिकारही गेला, हा विनोद कोणा विरोधकाने रचलेला नाही. परंतु यातला खरा धडा असा, की भांडवलाला देश बदलण्यास संचालक मंडळाची एक बैठक पुरते. कामगाराला घर, मुलांची शाळा, परवाना आणि रहिवासाचा हक्क, हे सर्व नव्याने उभे करावे लागते.

काळी शाई कशावर फिरली?

समझोत्यावाचून बाहेर पडावे लागल्यास काय घडेल, याचे सरकारी अनुमान 'यलोहॅमर' या सांकेतिक नावाने ओळखले जाते. २ ऑगस्ट २०१९ चे हे टिपण त्याच महिन्यात एका वृत्तपत्राच्या हाती लागले. सरकार ते दडवू पाहत होते. शेवटी संसदेने ठराव करून ११ सप्टेंबर २०१९ रोजी ते प्रसिद्ध करावयास लावले. सरहद्दीवरील मालमोटारींचा ओघ ४० ते ६० टक्क्यांवर घसरू शकेल, ब्रिटिश प्रवाशांना युरोपीय सरहद्दींवर वाढीव तपासणीला तोंड द्यावे लागेल, असे त्यात नमूद होते. अन्न आणि इंधन यांच्या भाववाढीचा फटका अल्प उत्पन्नाच्या लोकांना इतरांहून अधिक बसेल, अशी स्वच्छ कबुलीही त्यात होती. म्हणजे कोण भरडले जाणार, हे सरकारला माहीत नव्हते असे नाही. माहीत होते, लिहून ठेवले होते आणि लपवून ठेवले होते.

त्या टिपणातील एक परिच्छेद प्रसिद्ध करताना त्यावर काळी शाई फिरविण्यात आली. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे करण्यात आले. आधी फुटलेल्या प्रतीवरून तो परिच्छेद कशाविषयी होता हे जगाला कळून चुकले होते: दोन तेलशुद्धीकरण कारखाने बंद पडण्याची शक्यता, सुमारे २,००० कामगारांच्या नोकऱ्या जाण्याची शक्यता, आणि त्यातून उद्भवणाऱ्या संपामुळे इंधनपुरवठा विस्कळीत होण्याची शक्यता. विमाने ज्या इंधनावर उडतात, ते गाळणाऱ्या उद्योगातील कामगाराची भाकरी जाणार, हे भाकीत त्या कामगारापासूनच लपविण्यात आले. सरकारच्या योजनेत कामगाराचा प्रवेश झाला तो माणूस म्हणून नव्हे, एक संभाव्य अडथळा म्हणून. त्याची नोकरी जाणे ही आपत्ती नव्हती. नोकरी गेल्यावर त्याने संप करणे ही आपत्ती होती. वर्गीय राज्यसंस्थेची नजर कशी चालते, हे समजावून सांगण्यासाठी अभ्यासवर्गात याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

केंट परगण्यातील मॅन्स्टनचा विमानतळ २०१४ साली बंद पडला होता. सरकारने तो मालमोटारींचा वाहनतळ म्हणून वापरण्याचे ठरविले आणि ७ जानेवारी २०१९ रोजी ८९ मोटारी आणून त्याची रंगीत तालीम केली. डिसेंबर २०२० मध्ये करोनाच्या नव्या विषाणूमुळे फ्रान्सने सरहद्द बंद केली, तेव्हा नाताळच्या तोंडावर हजारो चालक केंटमध्ये अडकले, आणि मॅन्स्टनची धावपट्टी मालमोटारींनी भरून गेली. वाहने उभी करण्याची जागा योजनेत होती. चालकाच्या जेवणाची आणि शौचालयाची सोय अपुरी होती. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वारातील शीख स्वयंसेवक आणि 'खालसा एड' संस्था यांनी त्यांच्यापर्यंत गरम जेवण पोहोचविले. लंगराने जे एका दिवसात केले, ते जगातील एका श्रीमंत राष्ट्राच्या चार वर्षांच्या तयारीत बसले नव्हते.

आणि ही तयारी स्वस्त नव्हती. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या मार्च २०२० च्या अहवालानुसार, सार्वमतापासून ३१ जानेवारी २०२० पर्यंत सरकारी खात्यांनी युरोपीय संघ सोडण्याच्या तयारीवर किमान ४४० कोटी पौंड खर्च केले होते. 'सज्ज व्हा' असे जनतेला बजावणाऱ्या जाहिरातींवरच त्यांतील ४ कोटी ६० लाख पौंड गेले.

जी विस्कळीतता योजनेत नव्हती

अखेर २४ डिसेंबर २०२० रोजी, संक्रमणकाळ संपण्यास आठवडा उरला असता, व्यापार-समझोता झाला. दोन्ही भूमींमधील थेट उड्डाणे चालू राहिली. परंतु ब्रिटिश कंपनीला युरोपातील दोन शहरांमध्ये प्रवासी नेण्याचा हक्क गेला. मंत्र्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भाकीत केलेली आपत्ती टळली होती.

न टळलेली आपत्ती दुसऱ्या दाराने आली. त्याआधीच, २३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, थॉमस कुक ही जुनी प्रवासकंपनी कोसळली होती. तिचा मूळ रोग कर्जाचा होता. ब्रेक्झिटच्या अनिश्चिततेमुळे लोक सहली लांबणीवर टाकत आहेत, अशी तक्रार तिच्या चालकांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात केली होती. परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना परत आणण्यासाठी सरकारने भाड्याची विमाने घेऊन मोठी मोहीम राबविली, आणि ती यशस्वीही झाली. ते योग्यच झाले. परंतु त्याच पहाटे ब्रिटनमधील सुमारे ९,००० कामगारांची नोकरी गेली, त्यांच्यासाठी अशी कोणतीही मोहीम सज्ज नव्हती. पुढे दुसऱ्या कंपनीने दुकाने घेतली म्हणून काहींना काम मिळाले. बाकीच्यांचे जे झाले ते बाजाराच्या कृपेने झाले.

त्यानंतर महामारी आली. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजने ४२,००० नोकरवर्गातून १२,००० पर्यंत माणसे कमी करण्याचा बेत जाहीर केला; उरलेल्यांना हलक्या अटींवर काम करण्याची सक्ती होऊ लागली. २०२२ च्या उन्हाळ्यात प्रवासी परतले, तेव्हा सामान चढविण्यास, तपासणी करण्यास, विमान स्वच्छ करण्यास माणसेच नव्हती. हजारो उड्डाणे रद्द झाली. हीथ्रो विमानतळाला १२ जुलैपासून रोज एक लाख प्रवाशांची मर्यादा घालावी लागली. इझीजेटच्या प्रमुखांनी सांगितले, की युरोपीय नागरिकांचे सुमारे ८,००० अर्ज केवळ त्यांना ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क उरला नसल्यामुळे नाकारावे लागले. युरोपातील इतर विमानतळांवरही त्या उन्हाळ्यात गोंधळ होता, तेव्हा सर्व खापर ब्रेक्झिटच्या माथी फोडणे बरोबर नाही. मालकांनी नफा वाचविण्यासाठी माणसे काढली आणि सरकारने काम करू इच्छिणाऱ्यांसाठी दार लावून घेतले. दोहोंच्या मिलाफातून ही अवस्था उद्भवली. उड्डाणाचे हक्क कागदावर शाबूत होते, विमाने उभी होती, प्रवासी तिकीट हातात धरून उभे होते. नव्हता तो फक्त कामगार. त्याच वेळी हीथ्रोवरील ब्रिटिश एअरवेजच्या तपासणी-खिडकीवरील नोकरवर्गाने महामारीत कापलेले दहा टक्के वेतन परत मिळावे म्हणून संपाचा कौल दिला, आणि व्यवस्थापनाला वेतनवाढ देणे भाग पडले.

साउथॉल, स्विंडन आणि गोवा

हा प्रश्न सात समुद्रांपलीकडचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. हीथ्रोच्या सावलीतील साउथॉल आणि हाउन्स्लो येथील हजारो भारतीय कुटुंबे या विमानतळाच्या आधारावर जगतात. २००५ च्या ऑगस्टमध्ये विमानांना भोजन पुरविणाऱ्या गेट गुर्मे कंपनीने साडेसहाशेहून अधिक कामगारांना तडकाफडकी काढले. त्यांत बहुसंख्य साउथॉलच्या दक्षिण आशियाई स्त्रिया होत्या. ब्रिटिश एअरवेजच्या जमिनीवरील कामगारांनी, सहानुभूतीचा संप कायद्याने निषिद्ध असतानाही, काम थांबविले आणि कंपनीची हीथ्रोवरील विमाने थांबली. विमानवाहतूक कोणाच्या हातांवर चालते, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले होते.

गोव्याचा संबंध याहूनही जवळचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्याने हजारो गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन आणि पश्चिम लंडन येथील गोदामांत, कारखान्यांत आणि सेवाव्यवसायांत त्यांनी कष्ट केले. जे आधी गेले होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत रहिवासासाठी अर्ज करावा लागला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जाऊ इच्छिणाऱ्याला पोर्तुगीज पारपत्राचा काही उपयोग उरला नाही. इकडे थॉमस कुकची दाबोळीकडे येणारी हिवाळी विमाने २०१९ च्या हंगामाच्या तोंडावर बंद पडली, तेव्हा टॅक्सीवाले, शॅकवाले आणि छोट्या हॉटेलांतील नोकर यांच्या हंगामी कमाईला कात्री लागली. लंडनच्या योजनेत त्यांचे नाव असण्याचे कारण नव्हते. पण मुंबई-दिल्लीच्या कोणत्या योजनेत ते होते, हा प्रश्न येथल्या चळवळीने विचारावयास हवा.

संघ की संघाबाहेर?

युरोपीय संघ म्हणजे कामगारांचा स्वर्ग होता, असा समज करून घेण्याचे कारण नाही. स्वस्त विमानकंपन्यांचा उदय त्याच मुक्त आकाशात झाला. युरोपभर पसरलेल्या कर्मचाऱ्यांना आयरिश कायद्याखालील करारनाम्यांनी बांधणाऱ्या रायनएअरने डिसेंबर २०१७ पर्यंत कामगार संघटनांना मान्यता दिली नव्हती. दुसरीकडे, विमानातील नोकरवर्गाला वर्षाला २,००० तासांहून अधिक काम आणि ९०० तासांहून अधिक उड्डाण करावे लागू नये, हा नियम त्याच संघाचा. सुटीच्या वेतनात उड्डाणभत्त्यांचाही विचार व्हावा, हा ब्रिटिश वैमानिकांच्या बाजूचा २०११ चा निर्णय त्याच संघाच्या न्यायालयाचा.

म्हणूनच २०१६ साली ब्रिटनच्या कामगार चळवळीत दुफळी झाली. रेल्वे कामगारांच्या दोन प्रमुख संघटनांनी संघ सोडण्याचा पुरस्कार केला; युनाइट आणि जीएमबी या मोठ्या संघटनांनी राहण्याचा. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद प्रामाणिक होते. परंतु फारकतीचे सुकाणू हुजूर पक्षाच्या हाती राहिले, आणि त्या पक्षाच्या सरकारने संघाकडून आलेले हजारो नियम २०२३ अखेर एका फटक्यात रद्द करण्याचे विधेयक मांडून आपला इरादा उघड केला. चौफेर विरोधामुळे त्या वर्षीच्या मे महिन्यात माघार घ्यावी लागली, पण हत्तीचे खायचे दात दिसायचे ते दिसलेच. बाहेर पडण्याचा निर्णय डावा की उजवा, हे घोषणेवर ठरत नाही. त्यानंतरची योजना कोणाच्या हाताने लिहिली जाते, यावर ठरते.

नियोजनाची कसोटी

या अनुभवातून निघणारी मागणी साधी आणि व्यवहार्य आहे. सार्वजनिक वाहतूक विस्कळीत होण्याची शक्यता ज्या योजनेत गृहीत धरली असेल, ती योजना त्या उद्योगातील कामगारांपुढे खुली ठेवली पाहिजे. ती आखणाऱ्या बैठकीत मालकांच्या प्रतिनिधींबरोबर कामगार संघटनांना हक्काची जागा असली पाहिजे. सरकारांच्या निर्णयामुळे कामगाराचा परवाना, प्रमाणपत्र वा रहिवास निकामी होत असेल, तर तो पूर्ववत करून देण्याचा भार सरकारने आणि मालकाने उचलला पाहिजे. प्रवाशाला घरी आणण्यासाठी जो निधी राखून ठेवला जातो, त्याच्या शेजारी कामगाराच्या बुडालेल्या वेतनासाठीही निधी असला पाहिजे.

नियोजन नको, असे आता कोणताही भांडवली पक्ष गंभीरपणे म्हणू शकत नाही. संकट दाराशी आले की तोही नकाशे पसरतो, समित्या नेमतो, तिजोरी उघडतो. तेव्हा वाद नियोजन असावे की नसावे हा उरलेला नाही. ते बंद दाराआड व्हावे की उघड्यावर, भागधारकांच्या मुदतीवर बेतलेले असावे की श्रमिकांच्या गरजेवर, हा वाद आहे. ब्रिटनच्या सरकारने विमाने आकाशात ठेवण्याची काळजी वाहिली आणि ती बऱ्याच अंशी ठेवलीही; ज्यांच्या हातांनी ती उडतात त्यांचा हिशेब मात्र काळ्या शाईखाली गेला. तो परिच्छेद उघडा करून वाचणे आणि लोकांना वाचून दाखविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मग तो लंडनच्या टिपणातला असो, नाही तर येथल्या एखाद्या मंत्रालयाच्या फायलीतला.